पावणं, जरा किक मारता?

आमच्या घरात स्कूटर आली ती हातगाड्यावरून, आणि तीही एकदम नाही. आधी इंजिन आलं, पोत्यात गुंडाळलेलं. दोन दिवसांनी सांगाडा, पुढचं चाक आणि घमेलंभर नटबोल्ट. एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागं पत्र्याखाली ती गाडी कित्येक वर्षं पडून होती. नवी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची असा तो काळ, त्यामुळं मोडकी मिळाली तरी माणसं नशीब समजायची. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरापुढं एक दगडी कट्टा होता. त्यावर दादानं सगळं मांडलं आणि आईला म्हणाला, "ही शालूची गाडी." आईनं त्या ढिगाकडं नीट बघितलं आणि विचारलं, "गाडी कुठं हाय ह्यात?"

शालू म्हणजे मी, शालन. दीड वर्षाची असताना तापात माझा उजवा पाय गेला. आई म्हणायची वारं गेलं, डॉक्टर म्हणायचे पोलिओ. पायाला त्यानं काही फरक पडला नाही. वडील मी चौथीत असताना वारले. तेव्हापासून मला शाळेत, मग कॉलेजात, मग बी.एड.ला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेण्याचं काम दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, वसंताचं. कॅरिअरवर त्यानं पोत्याची जाड घडी बांधली होती आणि माझी कुबडी तो दांडीला आडवी लावायचा. एकीकडं पाय सोडून बसलेल्या मुलीला जेवढं दिसतं तेवढंच कोल्हापूर मी तेरा-चौदा वर्षं पाहिलं. रस्त्याची उजवी बाजू मला नीटशी माहीत नव्हती. मैत्रिणी कॉलेज सुटल्यावर घोळक्यानं रंकाळ्यावर जायच्या, मला "येतेस का?" असं विचारायच्यासुद्धा, पण दादा सायकल घेऊन फाटकाशी उभा असायचा आणि त्याला परत कामावर जायचं असायचं. मी "आज नको" म्हणायचे. पुढं त्यांनी विचारणं सोडलं, तेही बरंच झालं.

दादा उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता. मला मुलींच्या एका शाळेत नोकरी लागली आणि खरी अडचण झाली. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, साडेदहाची. दादाचं काम आठला सुरू व्हायचं. तो मधेच लेथ बंद करून मला सोडायला यायचा, घामाघूम होऊन परत जायचा आणि मालकाची बोलणी खायचा. बोलणी खाल्ल्याचं त्यानं मला कधी सांगितलं नाही. स्कूटर आणली तेव्हाही एवढंच म्हणाला, की लेथवरचा हात घरी बसून गंजू नये म्हणून आणलीय.

चार महिने घराचं वर्कशॉप झालं. आईच्या लग्नातली पितळी परात रॉकेलनं भरली आणि तिच्यात इंजिनाचे भाग भिजत पडले. आई कोरड्यासाला, भाकरीबरोबरच्या कालवणाला, हात घालायची तर बोटांना रॉकेलचा वास, भाकरीला वास, माझ्या शाळेच्या वह्यांनाही. संध्याकाळी कानशीचा आवाज सुरू व्हायचा. कानस पुढं ढकलताना आवाज आला पाहिजे, मागं आणताना येता कामा नये, मागं आणताना ती उचलायची, असं दादानं मला शिकवलं. बसून करायची कामं माझ्याकडं होती. कार्बोरेटरची बारीक भोकं तांब्याच्या एका तारेनं साफ करून तोंडानं फुंकर मारायची, ब्रेकचे लायनर पॉलिश पेपरनं घासायचे, केबलीत ग्रीस भरायचं. एका रविवारी दादानं सायलेन्सरमध्ये रॉकेल ओतून तो पेटवला. आतली काजळी जळाली नाही तर इंजिनाचा दम कोंडतो. काळा धूर गल्लीभर झाला तेव्हा समोरचे तात्या ओरडले, "वसंता, पेठ जाळतोस का रं?" दादाचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, त्यामुळं आई कट्ट्यावर बसून भाकरीचा तुकडा मोडायची, कांदा-लसणाच्या चटणीत बुडवून त्याच्या तोंडात घालायची, आणि तो तिशीला आलेला बाप्या घास गिळत गिळत स्पॅनर फिरवत राहायचा. ते चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात भरलेले महिने होते, हे मला तेव्हाही कळत होतं. गाडी पुरी होऊच नये असं अधूनमधून वाटायचं.

आता माझ्या भाचीची गाडी बटण दाबलं की सुरू होते, आणि बिघडली तर ती फोन करते. तिच्या गाडीच्या पोटात काय आहे ते तिनं कधी पाहिलेलं नाही. मी तिला एकदा प्लग काढून दाखवायला गेले तर म्हणाली, "आत्या, वॉरंटी जाईल."

पायातला ब्रेक उजवीकडं असतो, तो दादानं डावीकडं आणला. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लहान चाकं जोडली, म्हणजे गाडी थांबली तरी मला पाय टेकायला नको. मागचं सीट काढून टाकलं आणि तिथं कुबडी अडकवायला लोखंडी पट्टीचा एक घोडा केला. पहिल्या आठवड्यातच गंमत झाली. जोडचाकं त्यानं ताठ वेल्डिंग करून बसवली होती. भर बाजारात रस्त्याला खळगा आला, दोन्ही बाजूंची चाकं खळग्याच्या काठांवर टेकली आणि मधलं चाक, ज्याला इंजिनाची ताकद, ते अधांतरी. मी ॲक्सिलरेटर पिळतेय, इंजिन बोंबलतंय, आणि गाडी जागची हलत नाही. भाजीवाल्या एका म्हाताऱ्यानं टोपलीमागून मान वर केली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "आक्का, चाक तर लई पळायलंय, पर गाडी हाय तिथंच हाय की." माणसं हसली आणि त्यातल्याच दोघांनी गाडी मागून उचलून पुढं ठेवली. मी घरी येऊन रडले. दादानं दुसऱ्या दिवशी चाकं कापून काढली आणि स्प्रिंगांवर बसवली.

एवढं सगळं केलं, पण किक राहिली. किकचा दांडा उजवीकडं. उजव्या पायानं मारायची तर त्या पायात जोर नाही. डाव्या पायानं मारायची तर उजव्यावर उभी राहू कशी? शाळा सुटल्यावर शाळेचे शिपाईमामा किक मारून द्यायचे. सकाळी दादा पावणेदहाच्या सुमारास चहाच्या सुट्टीत सायकल हाणत यायचा, एक किक मारायचा, इंजिन लागलं की मान डोलवून तसाच परत फिरायचा. एकदा गाडी सुरू झाली की मी ती वाटेत कुठं बंद करायची नाही. वाण्याच्या दारात गाडी चालू ठेवूनच साखर मागायची. एका मैत्रिणीचं घर शाळेच्या वाटेवर होतं, ती खिडकीतून बोलवायची, मी हात हलवून पुढं जायचे. आत गेले तर उठताना किक कोण मारणार? तिचा नवरा ऑफिसात आणि सासू गुडघेदुखीची.

दादाला पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलंय हे मला त्याचा सदरा धुवायला टाकताना कळलं. खिशात कागद होता. तारीख बघितली तर हजर व्हायला आठ दिवस उरले होते आणि त्यानं घरात चकार शब्द काढला नव्हता.

"जात का न्हाईस?" मी विचारलं.

"बघू की."

"काय बघायचं त्यात?"

तो ताटातल्या चटणीशी चाळा करू लागला. मग म्हणाला, "सकाळची किक कोण मारणार तुझी?"

मला अजून आठवतं, माझ्या कानातून वाफा निघाल्या. ह्या माणसानं सायकलवर मला वाहण्यात स्वतःची पंचविशी घालवली, आणि आता एका किकेपायी मोठी नोकरी घालवणार. तो गेला नसता तर जन्मभर मी त्याच्या तोंडाकडं बघू शकले नसते. मी म्हणाले, "रस्त्यानं माणसं काय कमी हायत? कुणालाबी हाक मारतो मी." आमच्याकडच्या बायका बोलताना ‘मी येतो, मी जातो’च म्हणतात. शाळेत मात्र मी मोठ्या कष्टानं ‘येते, जाते’ करायची. आई मधेच उठली, "त्यात काय, मीच मारतो की किक," म्हणाली, नऊवारीचा काष्टा खोचून बाहेर गेली आणि तिनं खरंच किक मारली. दांडा उलटा आला तो नडगीवर. पुढं पंधरा दिवस ती हळद लावून लंगडत होती, आणि आता घरात दोघी झाल्या असं म्हणून स्वतःच हसायची.

दादा गेला. जायच्या दिवशी त्यानं गाडीला किक मारली, इंजिन चालू ठेवलं आणि पेटी उचलून स्टँडकडं चालू लागला. माझ्याशी काही बोलला नाही, मीही नाही. बोललो असतो तर तो गेला नसता.

दुसऱ्या दिवशी मी साडेनवालाच कट्ट्यावर येऊन बसले. काय म्हणायचं ते रात्रीपासून ठरवून ठेवलं होतं. तरी दोन माणसं पुढून गेली आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मग एक सायकलवाला आला, किडकिडीत, चौकड्यांचा शर्ट, पँटीला चिमटा लावलेला. तो आमच्या दारापाशी जरा हळू झाला. मी डोळे मिटल्यासारखं करून म्हणाले, "पावणं, जरा किक मारता?"

"मारतो की," तो म्हणाला. सायकल भिंतीला लावली. बाकीची माणसं सरळ दांड्यावर उडी मारतात. यानं आधी पेट्रोलचा कॉक बघितला, चोक ओढला, चावी बंद ठेवून दोन रिकाम्या किका मारल्या, मग चावी लावून एक. इंजिन लागलं. कान देऊन त्यानं ते ऐकलं. "पेट्रोलात ऑइल जास्त घालताय," म्हणाला आणि गेला.

तो दुसऱ्या दिवशीही आला, त्याच वेळेला. तिसऱ्या दिवशीही. त्याचं नाव दिनकर. शाहूपुरीत ऑइल इंजिनांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात होता. "तुम्हाला उगीच त्रास," मी माझ्या शाळेच्या शुद्ध मराठीत म्हणाले तेव्हा, "इकडनंच जातोय की मी रोज," एवढंच त्याचं उत्तर. तो मला बाई म्हणायचा. मी त्याला काय म्हणावं हा प्रश्नच होता. दिनकरभाऊ म्हणणं रीतीचं झालं असतं, पण ते काही माझ्या तोंडात बसेना, म्हणून मी पहिल्या दिवसाचं पावणं तेच चालू ठेवलं. आई आतून हसायची. तिनं त्याला चहा द्यायला सुरुवात केली.

दादा गेल्यावर घर फार मोकळं झालं होतं. कानशीचा आवाज नाही, रेडिओ दोघींसाठी लावावा असं वाटायचं नाही. संध्याकाळी आई आणि मी समोरासमोर बसून आंबोळी खायचो आणि बोलायला विषय म्हणजे दादाचं पत्र आलं की नाही. शाळेतल्या बाकीच्या बाया मधल्या सुट्टीत सासू, नवरा, पोरं यांचं बोलायच्या. मी डबा लवकर संपवून वह्या तपासायला घ्यायची. दिवसभरात माझ्याशी माझ्याबद्दल बोलणारं माणूस एकच होतं आणि ते पावणेदहाला येऊन दहाच्या आत जायचं. तेसुद्धा माझ्याबद्दल कुठं, गाडीबद्दल. पण त्या गाडीशिवाय माझ्याबद्दल बोलण्यासारखं तरी काय होतं!

आणि मग मी एक लबाडी सुरू केली. आजवर कुणाला सांगितलेली नाही. प्लग साफ करायला मला येत होतं. दर आठवड्याला काढून, पॉलिश पेपर मारून, फटीत पोस्टकार्डाचा कोपरा घालून अंतर बघायचं, दादानंच शिकवलेलं. मी तो साफ करणं सोडलं. प्लगवर काजळी धरली की गाडी एका किकेत लागत नाही, सहा-सात लागतात. मग दिनकर घाम पुसायचा, प्लगपाना मागायचा, प्लग काढायचा, आणि कट्ट्यावर माझ्यापासून हातभर अंतरावर बसून तो घासायचा. तेवढी दहा मिनिटं मिळायची. त्या दहा मिनिटांत मला कळलं की त्याला आई नाही, की त्याला खरवस आवडतो, की दुकानात गिऱ्हाइकानं नुसतं "ते वाटोळं, मधे भोक असलेलं" म्हटलं तरी तो बरोबर वायसर काढून देतो. मी त्याला वर्गातल्या मुलींच्या गमती सांगायची. हळूहळू माझी शुद्ध मराठी सुटली आणि मी त्याच्याशीही ‘येतो, जातो’ बोलायला लागले. सुट्टीच्या दिवशी तो यायचा नाही. रविवार मला खायला उठायचा. एकदा म्हणाला, "बाई, तुमचा प्लग लई लवकर काळा पडतोय." मी म्हणाले, "जुनी गाडी." तो प्लग घासत राहिला. सुट्या भागांच्या दुकानातला माणूस तो. त्याला कळलं नसेल असं कसं म्हणू?

एक श्रावण गेला, दुसरा आला, दिवाळी झाली. दिवाळीला दादाला रजा मिळाली नाही, त्याचं पत्र आलं. आईला वाचता येत नसे, म्हणून पत्रं मी मोठ्यानं वाचायची. पिंपरीची हवा, खोलीवरचं जेवण, आईच्या नडगीची चौकशी, आणि खाली एक ओळ. "दिनकर अजून येतो का किक मारायला? जाताना मी त्याला सांगून आलो होतो."

मी थांबले. आई म्हणाली, "वाच की फुडं."

"दादानं सांगितलंय त्याला?"

"व्हय. तुला म्हाईत न्हवतं?" आई तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. "वसंताचा दोस्त न्हवं का त्यो. राजारामपुरीतनं येतंय बिचारं, वाट वाकडी करून."

राजारामपुरीतून शाहूपुरीला जायला आमच्या पेठेत यायचं काही कारण नाही, हे कोल्हापूरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नव्हतं. कळायला मी गाव पाहिलं होतं कुठं? मी सव्वा वर्ष रोज वेणी नीट घालून कट्ट्यावर बसत होते आणि तो मित्राला दिलेला शब्द पाळत होता. दादानं कॅरिअरवरून मला उतरवलं ते दुसऱ्याच्या हातात देऊन. अशी लाज मला पाय गेल्याचीही कधी वाटली नव्हती. आईवर ओरडले, ती बिचारी तांदूळ निवडतच राहिली.

पुढच्याच रविवारी मी दादाची हत्यारांची पेटी काढली. किकच्या दांड्यावर लांब पाइप चढवला तर तरफ मोठी होईल, आणि सीटला रेलून दोन्ही हातांनी, अंगाच्या वजनानं ती दाबता येईल. हे मला आधी सुचलं नव्हतं असं नाही. सुचवून घेतलं नव्हतं. पाण्याच्या नळाचा एक जुना तुकडा होता, तो हॅकसॉनं कापला, तोंड कानशीनं घासून दांड्यावर घट्ट बसेल असं केलं. पण सरळ पाइप जोडचाकाला अडत होता, त्याला बाक हवा होता. पोकळ पाइप नुसता वाकवला तर चेपतो. आत वाळू ठासून, दोन्ही तोंडं लाकडाच्या बुचांनी बंद करून तापवायचा. वाळू ओली असेल तर वाफेनं बूच उडतं, म्हणून मी ती तव्यावर कोरडी करायला घेतली. आई म्हणाली, "आता वाळूबी भाजून खायची का आपण?" मी हसले नाही. पाणी तापवायच्या बंबात पाइप लाल केला आणि कट्ट्याच्या दोन दगडांच्या फटीत घालून वाकवला. पहिल्या वेळी बाक चुकला. दुसऱ्या वेळी बसला. मग चार रविवार सराव. इंजिन उलटं मारायचं, पाइप मनगटावर यायचा; डाव्या हाताचं हे हाड अजून थंडीत बोलतं. त्या चार आठवड्यांत दिनकर रोज येतच होता. मी पाइप माळ्यावर लपवायची आणि त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. त्यानं एकदा विचारलं, "बाई, बरं न्हाय का?" मी म्हणाले, "बरी आहे."

ज्या दिवशी करायचं ठरवलं त्याच्या आदल्या संध्याकाळी मी प्लग काढून लख्ख घासला. पावणेदहाला गल्लीच्या तोंडाशी त्याची सायकल दिसली तशी मी उठले, पाइप चढवला, सीटला रेलले. दोन रिकाम्या दाबल्या, त्याच्यासारख्या. मग चावी लावली. तो दारापाशी पोचला आणि तिसऱ्या दाबेला इंजिन लागलं.

एक पाय जमिनीवर टेकून तो सायकलवरच बसून राहिला. पाइपकडं बघितलं, बाकाकडं बघितलं. "वाळू भरून वाकवलाय?" त्यानं विचारलं.

"हो."

"लई झ्याक झालाय." मग म्हणाला, "बरं झालं की."

मी माझ्या सगळ्यात शुद्ध मराठीत म्हणाले, "आता तुम्हाला रोज वाट वाकडी करायला नको. सव्वा वर्ष त्रास घेतलात. दादाला तसं कळवते."

"दादाला?" तो म्हणाला. माझ्या तोंडाकडं बघत राहिला. इंजिन चालू होतं, त्यामुळं पुढं तो काही बोलला असला तरी मला ऐकू आलं नाही. आईनं आतून चहा आणला तोवर तो सायकल वळवून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी पावणेदहालाच गाडी सुरू केली. पहिल्या दाबेला लागली. इतकी गुणी ती कधी वागली नव्हती. शाळेला उशीर होईपर्यंत मी ती तशीच चालू ठेवून कट्ट्याशी उभी होते. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवसापासून मी वेळेवर निघू लागले. जिंकल्यासारखं दोन-तीन महिने वाटलं. मी त्या मैत्रिणीच्या घरी थांबले, चहा प्याले, रंकाळ्यावर जाऊन आले, पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंतही गेले एकदा, एकटी. वाटेत कुणाला हाक मारायची गरज पडली नाही. घरातून निघून शाळेच्या फाटकापर्यंत आणि फाटकापासून घरापर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही, आणि हे पुढं वीस वर्षं चाललं. मधे आई गेली. मग घरीही निघेना. लग्नाचं म्हणाल तर दोन स्थळं आली होती, दोघांनाही मास्तरणीचा पगार दिसत होता. मी नको म्हटलं. दिनकर इचलकरंजीला दुसऱ्या दुकानात गेल्याचं कुणीतरी बोललं होतं. त्याच्या दुकानात जाऊन विचारावं असं बरेचदा मनात आलं. शाहूपुरीत त्या रस्त्याला मी गाडी वळवायचीसुद्धा, पण थांबवली नाही.

गेल्या वर्षी दादा आठ दिवस राहायला आला होता. आता त्याला ऐंशीला थोडीच वर्षं कमी आहेत, दाराच्या पायऱ्या चढताना तो माझ्या खांद्याला धरतो आणि आम्ही दोघं कसेबसे वर पोचतो. सकाळी कट्ट्यावर ऊन खात बसलो होतो. जुन्या गोष्टी निघाल्या, सायकलच्या, रॉकेलच्या परातीच्या, आईच्या नडगीच्या. मी चेष्टेनं म्हणाले, "आणि त्या दिनकरला वर्षभर राबवलंस की तू. सव्वा वर्ष. राजारामपुरीतनं."

"कुणाला?" त्याला आठवायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "सव्वा वर्ष कशाला? आठ दिवस सांगितलं हुतं मी त्याला. तू रस्त्यावरच्या लोकांना हाक मारायला धीट हुईस्तवर. फुडं तो यायलाय म्हणून आईनं कुणाकडनं तरी कळवलं, तवा मी पत्रात तुलाच इचारलं, अजून येतो का म्हणून. तू जबाबच दिला न्हाईस."

"आठ दिवस," मी म्हणाले.

"व्हय. मला वाटलं, तुला म्हाईत असंल."

आठ दिवस दादाचे होते. त्यानंतरच्या सगळ्या सकाळी दिनकर आपणहून आला होता, आणि मी त्याला दादाचं नाव सांगून परत पाठवलं.